वाचक विचारतात: लाकूडवाल्यांच्या शेजारी बसायचं का?

प्रश्न: सरकारी जंगलाचा आराखडा ठरवायला लाकूड उद्योग आणि संवर्धन संस्था यांची एकत्र समिती होते आहे. आमच्या निसर्ग मंडळालाही बोलावणं आलंय. काही सभासद म्हणतात, तिथे जाणं म्हणजे तोडीला संमती देणं. आम्ही काय करावं?

उत्तर: जा. फक्त कोर्टात जाण्याचा हक्क कुणाला लिहून देऊ नका.

कॅलिफोर्नियातल्या क्विन्सी गावात तोडीवरून वर्षानुवर्षं हाडवैर होतं. १९९३ च्या सुमारास एक पर्यावरणवादी वकील, काउंटीचा (तिथल्या जिल्ह्याचा) लोकप्रतिनिधी आणि लाकूड कंपनीचा वनतज्ज्ञ गावच्या वाचनालयात भेटू लागले. तिथे आवाज चढवता येत नाही, एवढाच हेतू! ठरलं ते असं: रस्ते न पोचलेले भाग आणि ओढ्यांचे काठ सोडायचे, दाटीतल्या बारीक झाडांची विरळणी करायची. लाकूड कापणाऱ्या गिरणीला माल मिळेल, वणव्याचा जोरही कमी होईल. १९९८ मध्ये त्याचा कायदा झाला. देशपातळीवरच्या मोठ्या पर्यावरण संस्था मात्र विरोधात गेल्या. जंगल साऱ्या देशाचं, मग एका गावाने का ठरवायचं? हा आक्षेप मला आजही रास्त वाटतो. पुढे खटले झाले आणि काम ठरल्यापेक्षा बरंच कमी झालं.

मी अनेक वर्षं विरळणीचं मार्किंग, म्हणजे कोणतं झाड काढायचं यावर खूण करणं, शिकवलं, म्हणून आग्रहाने सांगतो: बैठक जंगलात घ्यायला लावा. अमेरिकेतल्याच ऑरेगॉन राज्याच्या पूर्व भागाचं उदाहरण घ्या. २१ इंचांहून जास्त व्यासाचं जिवंत झाड तोडायचं नाही, असा नियम तिथे १९९५ मध्ये आला. तिथल्या पाँडेरोसा पाइन या सूचिपर्णी झाडाची जाड साल साधी आग सोसते. पण शतकभर प्रत्येक आग विझवत गेल्याने त्याच्या बुंध्याशी ग्रँड फर हे दुसरं सूचिपर्णी झाड माजलं. या फरच्या फांद्या जमिनीपर्यंत लोंबतात आणि ज्वाळांना शेंड्यापर्यंत चढायला शिडी मिळते. हा फर लवकर २१ इंच ओलांडतो. गिरणीवाला म्हणतो, हा काढू द्या. संवर्धनवाला म्हणतो, आज फर, उद्या पाइन. दोघांचंही खरं आहे. अशा वेळी पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीहून बारीक कांडी काढायची आणि सगळ्यांसमोर तिच्यावरची वर्षागणिक वाढीची वलयं मोजायची. जाडजूड फर कधीकधी शेजारच्या पाइनहून कितीतरी लहान निघतो. वय कळलं की निदान त्या झाडापुरता वाद संपतो.

आणि एक. अमेरिकेने २००९ च्या कायद्याने अशा एकत्रित कामांना निधी दिला, तेव्हा काम सुरू झाल्यापासून किमान १५ वर्षं सर्व पक्षांनी मिळून देखरेख ठेवायची अट घातली. झाडं गेल्यावर पक्षी, पाणी, माती यांचं काय झालं, हे त्याशिवाय कळणार कसं? तुमच्या समितीच्या मसुद्यात ही अट आहे का, ते आधी पाहा. नसेल तर पहिल्याच बैठकीत मागा, आणि ती लेखी येईपर्यंत सही करू नका.