जळके तेल, काळा धूर आणि वाफेचा फवारा

प्रश्न : आमच्या भट्टीत वापरलेले इंजिन ऑइल जाळतो. धूर काळा येतो आणि नोझलच्या तोंडाशी कोळशासारखा थर जमतो. हवेऐवजी वाफेने तेल फवारले तर फरक पडेल का?

उत्तर : पडेल, पण वाफ कोरडी, म्हणजे पाण्याचे थेंब नसलेली, असेल तरच. थेंब जळायला लागणारा वेळ त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास निम्मा झाला की वेळ चौथ्या हिश्श्यावर येतो. जाड थेंब पुरता जळण्याआधीच ज्योतीबाहेर पडतो, त्याचीच काजळी होते. वाफेच्या झोतात तेल बारीक फुटते, शिवाय नोझलमध्ये ते थंड होऊन घट्ट होत नाही. वाफ स्वतः मात्र जळत नाही. उलट ती धुराड्यातून उष्णता घेऊन जाते, म्हणून गरजेपुरतीच द्या : किलोभर तेलाला साधारण 0.1 ते 0.3 किलो. तिचा दाब तेलाच्या दाबापेक्षा 1 ते 2 बारने जास्त ठेवा. तो खाली गेला तर तेल वाफेच्या लाइनमध्ये शिरते, तेव्हा दोन्ही लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) हवाच.

त्याआधी तेलाकडे बघा. टाकीत कोमट ठेवून ते निवळू द्या, तळचे पाणी आणि गाळ काढा, मग गाळून 80 ते 90 अंशांपर्यंत तापवा. पाणी राहिलेले तेल 100 अंशांपुढे नेले की पाण्याची वाफ होते आणि पुरवठा तुटक होतो.

ज्योत फुरफुरत असेल, ठिणग्या उडत असतील, तर बहुधा वाफेत पाणी आहे. लाइनला लॅगिंग (उष्णतारोधक आवरण) करा आणि बर्नरच्या अगदी जवळ स्टीम ट्रॅप (वाफ न सोडता साचलेले पाणी बाहेर काढणारा व्हॉल्व्ह) बसवा. सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होते. सुरू करताना लाइनमधले पाणी काढून आधी वाफ, पायलट (तेल पेटवणारी छोटी ज्योत) पेटल्यावर तेल. बंद करताना आधी तेल. मग पायलट चालू ठेवून नोझल वाफेने साफ करा, नाहीतर आत उरलेले तेल तिथेच भाजून थर धरते. ज्योत विझताच तेल तोडणारा फ्लेम सेन्सर हवाच. गरम भट्टीत साचलेली तेलाची वाफ एकदम पेटली तर स्फोट होतो.

प्रश्न : यातच जुने ट्रान्सफॉर्मर ऑइल मिसळले तर?

उत्तर : नको. जुन्या ट्रान्सफॉर्मर ऑइलमध्ये पीसीबी (क्लोरीन असलेले विषारी रसायन) असू शकते. साध्या भट्टीत ते नीट जळत नाही आणि त्यातून डायॉक्सिनसारखी विषारी संयुगे तयार होऊ शकतात. फवारा कितीही बारीक केला तरी हा धोका टळत नाही. इंजिन ऑइलमधले जस्त आणि इतर धातूही जळून नाहीसे होत नाहीत, ते राखेत आणि धुरातच जातात. त्यासाठी धूळ पकडणारी यंत्रणा वेगळी लागते.