पाच डोकी आणि एक चौकोन

सोलापूर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

पाच जणांच्या पॉप ग्रुपच्या अल्बमसाठी तू केलेलं कव्हर आधी मोठ्या स्क्रीनवर पाहिलं, मग मोबाइलवर नखाएवढं करून पाहिलं. मेहनत दिसते. पण पाचही जणांचे फोटो वेगवेगळ्या वेळी काढून, कापून एकाशेजारी एक चिकटवलेत, हेही लगेच दिसतं. एकाच्या उजव्या गालावर ऊन आहे, शेजारच्याच्या डाव्या. असे पाच जण एका खोलीत कधी बसले असतील यावर बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही, आणि ग्रुपच्या कव्हरला सगळ्यात आधी तोच विश्वास मिळवायचा असतो.

दुसरी गोष्ट मापांची. सोलापुरात वाढलेल्या माणसाची नजर फ्लेक्सवर तयार झालेली असते. सात रस्त्याकडून पार्क चौकाकडे एक चक्कर मार: मधोमध भाऊंचा भला मोठा चेहरा, वर नेत्यांचे मध्यम गोल, खाली शुभेच्छुकांची बारीक मुंडकी. जेवढा आकार तेवढा मान. तुझ्या कव्हरवर गायिकेचा चेहरा ड्रमरच्या दुप्पट आहे, म्हणजे इथला कुणीही ते तसंच वाचणार: बाई पुढारी, बाकीचे शुभेच्छुक. पॉप ग्रुपच्या कव्हरचा रिवाज उलटा आहे. डोकी साधारण एका मापाची ठेवायची. कोण पुढे आणि कोण मागे हे जागा, कपडे आणि नजर यांनी सांगायचं.

बीटल्स या इंग्लिश ग्रुपच्या ‘विथ द बीटल्स’ या १९६३ च्या अल्बमचं कव्हर समोर ठेवून बघ. फोटोग्राफर रॉबर्ट फ्रीमन यांनी तो फोटो इंग्लंडमधल्या बोर्नमथच्या एका हॉटेलातल्या जेवणाच्या खोलीत काढला. बाजूच्या खिडकीचा उजेड, मागे गडद पडदा, चौघांच्या अंगात काळे, उंच गळ्याचे स्वेटर. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात, बाकी सगळं काळं. चौघांना एका ओळीत बसवलं असतं तर चौकोनात वरखाली नुसती मोकळी पट्टी उरली असती. म्हणून तिघे वर आणि ड्रमर रिंगो खाली उजव्या कोपऱ्यात. तो ग्रुपमध्ये शेवटी आलेला आणि उंचीनेही कमी, म्हणून कोपरा त्याच्या वाट्याला. पण उजेड त्यालाही तोच, काळा स्वेटरही तोच.

हे इथे सहज जमेल. एकाच बाजूने उजेड येणारी खोली शोध. जुन्या वाड्यातली किंवा वर्गातली मोठी खिडकी उत्तम. थेट ऊन आत येत असेल तर खिडकीवर पातळ पांढरं धोतर ताणून बांध. ट्यूबलाइट बंद कर, नाहीतर सावलीतल्या गालावर हिरवट छटा चढते आणि ती नंतर नीट निघत नाही. खिडकीच्या समोरच्या बाजूला काळं कापड लाव. पांढऱ्या भिंतीवरून उजेड परत आला की अंधारातली बाजू राखाडी होते आणि फोटो ओळखपत्राचा वाटू लागतो. बाहेरच काढायचा असेल तर उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उरक. नंतर डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात, कपाळं चमकतात आणि पाचातले दोघे तरी डोळे किलकिले करतात.

पाच जणांना मागे तीन, पुढे दोन असं बसव. पुढच्यांची डोकी मागच्यांच्या मधल्या फटींत यावीत आणि पुढच्यांचा माथा मागच्यांच्या हनुवटीच्या रेषेत. उंचीतला फरक स्टुलांनी आणि विटांनी मिटव, पाय चौकटीत येणारच नाहीत. कॅमेरा तीन मीटरवर आणि मागची रांग पुढच्या रांगेच्या चाळीस सेंटिमीटर मागे असली, तर मागची डोकी साधारण आठव्या हिश्शाने लहान दिसतात, तेवढं खपतं. मीटरभर मागे सरकली तर चौथ्या हिश्शाने लहान होतात, आणि तुझा फ्लेक्स परत आला. मोबाइलच्या नेहमीच्या लेन्सने जवळ जाऊन काढू नकोस; ती रुंद असते, कडेच्या दोघांचे चेहरे बाहेरच्या बाजूला ताणले जातात. दोनपट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती लाव आणि मागे सरक. खरा कॅमेरा मिळाला तर दोन्ही रांगा फोकसमध्ये राहण्यासाठी लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) एफ ५.६ ते ८ ठेव.

चौघे असते तर पतंगासारखी मांडणीही सुचवली असती: एक वर, दोन बाजूंना, एक खाली, जशी फोटोग्राफर मिक रॉक यांनी १९७४ मध्ये ‘क्वीन’ या ग्रुपच्या ‘क्वीन टू’ अल्बमसाठी केली. पाचाला ती ओढूनताणून लागते. हे लेटेस्ट, ते जुनं, असा विचार यात करू नकोस. चौकोन बदललेला नाही.

गायिका पुढे दिसलीच पाहिजे असा ग्रुपचा आग्रह आहे, तर त्याला कपड्यांचं उत्तर आहे. ‘ब्लाँडी’ या अमेरिकन ग्रुपच्या १९७८ च्या ‘पॅरलल लाइन्स’ अल्बमवर पुरुष काळ्या सुटात, गायिका डेबी हॅरी पांढऱ्या पोशाखात, मागे काळे-पांढरे पट्टे. सगळे एका मापाचे, तरी नजर पहिल्यांदा तिच्याकडेच जाते. तुम्हीही चौघांना एका गडद रंगात ठेवा आणि तिला एका फिक्या रंगात. हुबेहूब एकसारखे कपडे शिवून घेऊ नका, लग्नातली बँडपार्टी वाटेल. रंग एक, शिवण वेगवेगळी. बारीक चौकडा आणि बारीक रेघा मात्र वर्ज्य. कॅमेऱ्यात आणि फोटो लहान केल्यावर त्यांवर लहरी लाटा उठतात, शर्टात पाणी हलल्यासारखं दिसतं.

मागे सोलापुरी चादर टांगायची तुमची कल्पना मी मोडत नाही, पण ती सोपी नाही. नक्षी भरगच्च असते, चार-पाच रंग असतात आणि चेहऱ्यांशी भांडतात. टांगायचीच तर दोनच रंगांची, मोठ्या नक्षीची निवड, इस्त्री करून चारही कोपरे ताण आणि माणसांच्या मागे किमान दीड मीटरवर ठेव, म्हणजे नक्षी थोडी मऊ होईल. घडीच्या रेघा राहिल्या तर त्या डोक्यांतून आरपार गेल्यासारख्या दिसतात. भुईकोट किल्ल्यात तिपाई घेऊन जाण्याआधी परवानगी विचार. सिद्धेश्वराचं देऊळ आणि नंदीध्वज कव्हरवर नकोतच. गाण्यांचा त्यांच्याशी संबंध नाही आणि लोकांची श्रद्धा ही सजावटीची वस्तू नव्हे.

आता अक्षरं. १९४० च्या सुमारास कोलंबिया रेकॉर्ड्समध्ये ॲलेक्स स्टाइनवाइस यांनी चित्रांची कव्हरं आणली. त्याआधी तबकड्यांचे संच साध्या पुठ्ठ्यात यायचे. पुढे दुकानात गिऱ्हाईक उभ्या रेकॉर्ड बोटांनी चाळायचं आणि त्याला आधी वरची कड दिसायची, म्हणून ग्रुपचं नाव वरच्या एक तृतीयांश भागात ठेवायची सवय पडली. आज गाण्यांच्या ॲपमध्ये चौकोनाखाली नाव छापलेलंच असतं. तरीही ते काढून टाकू नकोस. बीटल्सच्या ‘ॲबी रोड’वर १९६९ मध्ये पुढे ना ग्रुपचं नाव होतं ना अल्बमचं, पण त्या चौघांना जग ओळखत होतं. तुमच्या पाच जणांना अजून अख्खं सोलापूरही ओळखत नाही.

नाव दर वेळी वेगळ्या फाँटमध्ये लिहू नका. १९७६ मध्ये डिझायनर रूने सोडरक्विस्ट यांनी ‘ॲबा’ (ABBA) या स्वीडिश पॉप ग्रुपच्या नावातला एक बी उलटा फिरवला आणि ती खूण ग्रुपच्या नावाला कायमची चिकटली. देवनागरीत अशी खूण शिरोरेघेतून, वेलांटीतून काढता येते. पण अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह आवर. इंग्रजी कव्हरांवर ते छान दिसतं, मराठीत शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ‘मोदक’सारखा गुबगुबीत फाँट मोठा असताना झकास दिसतो, लहान झाला की अक्षरांच्या पोटातल्या पोकळ्या बुजतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत वेलांटी भलतीकडे गेली किंवा जोडाक्षर फुटलं तर टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांची सोय चालू कर. आणि छपाईला देताना अक्षरं कर्व्ह करूनच, म्हणजे फाँटऐवजी आकारांत बदलूनच दे. प्रेसवाल्याकडे तुझा फाँट नसला तर ‘स्वर’सारख्या जोडाक्षरी शब्दाचं काय होईल सांगता येत नाही.

मापं वहीत लिहून ठेव. ऑनलाइनसाठी ३००० बाय ३००० पिक्सेल, आरजीबी (स्क्रीनचे रंग), जेपीजी. त्यावर फोन नंबर, इन्स्टाचं नाव, क्यूआर कोड, किंमत असलं काही नको. गाणी ॲपवर चढवणारे वितरक फाइल परत पाठवतात. कव्हरवरचं नाव आणि फॉर्ममध्ये भरलेलं नाव अक्षरशः एक हवं. सीडीच्या पुस्तिकेचं पान १२० बाय १२० मिलिमीटर, चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापून जाणारी जादा कड), म्हणजे फाइल १२६ ची, ३०० डीपीआयला (इंचाला तीनशे ठिपके). कापताना पान एखादा मिलिमीटर सरकतंच, म्हणून अक्षरं कडेपासून किमान ५ मिलिमीटर आत. आरजीबीतला झगझगीत जांभळा आणि पोपटी सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, मळकट होतो. ते आधीच बदलून बघ, प्रेसमध्ये जाऊन भांडू नकोस. मोठा काळा भाग नुसत्या काळ्या शाईत करडा येतो. निळी (सी) ६०, गुलाबी (एम) ४०, पिवळी (वाय) ४०, काळी (के) १०० टक्के असा भर. बारीक अक्षरं मात्र फक्त के १०० मध्ये, नाहीतर चार शाया किंचित सरकल्या की अक्षरांना रंगीत कडा येतात.

मग चाचणी. चित्र ६४ पिक्सेलचं करून बघ. पाच जण एका ओळीत असतील तर एका चेहऱ्याला जेमतेम आठ पिक्सेल मिळतात, म्हणजे ठिपके. त्या मापाला चेहरे ओळखू येणारच नाहीत. तिथे काम रंगाच्या मोठ्या ठोकळ्यांना आणि नावाच्या आकाराला करायचं आहे. मग तेच चित्र काळंपांढरं कर. नाव पार्श्वभूमीत बुडालं तर फक्त रंगाच्या फरकावर विसंबून आहेस, उजळ-गडदचा फरक वाढव.

मागच्या बाजूला पाचही नावं, वाद्यांसह, फोटोतल्याच क्रमाने डावीकडून. त्याच दिवशी, त्याच खिडकीत प्रत्येकाचा एकेकटा फोटोही काढून ठेव. पोस्टरला लागतात, आणि ग्रुपमधून कुणी गेलं-आलं तर हाताशी काहीतरी राहतं. फोटो दुसरं कुणी काढत असेल तर वापराची परवानगी लेखी घे, त्याचं नाव मागे छाप आणि त्याचे पैसे शूटच्याच दिवशी चुकते कर.

पुढच्या खेपेला खुली लेयरची फाइल नको. मोठं चित्र, ६४ पिक्सेलचं आणि काळंपांढरं, एवढे तीन जेपीजी पाठव. एकाच उजेडातले, न कापलेले फोटो असतील तरच.

तुझा काका