लाल इंडिकेटर, उलटा डिपर आणि काचेवरचा शिक्का

या वेळची पत्रं बघून मला वाटलं की आपल्या सगळ्या वाचकांनी एकाच महिन्यात देश बदलायचं ठरवलंय की काय, दहातली सहा पत्रं तीच, गाडी एका देशातली, राहणं दुसऱ्या देशात, आणि तपासणीत लाइटवरून अडलंय. म्हणून क्लच आणि मायलेजवाले पुढच्या अंकात, आज फक्त लाइट.

प्रश्न: नमस्कार सर. कंपनीने अमेरिकेतून जर्मनीला पाठवलं. गाडीवर जीव जडला होता म्हणून कंटेनरमधून सोबतच आणली. इथल्या तपासणीत म्हणाले मागचे इंडिकेटर लाल आहेत चालणार नाहीत, मागे फॉग लाइट नाही, पुढची पार्किंग लाइट नारिंगी आहे ती पांढरी हवी आणि हेडलाइटवर ई चा शिक्का नाही. अहो पण गाडी चांगली आहे, सगळे लाइट व्यवस्थित लागतात! मागे नारिंगी बल्ब घातले की काम होईल ना?

उत्तर: नाही होणार. लाल काचेमागे नारिंगी बल्ब घातला तरी बाहेर लालच दिसणार, काच लाल सोडून बाकीचं सगळं गिळते.

आधी हे समजून घ्या की तपासणारा माणूस तुमच्याशी वाकडं वागत नाहीये, दोन्हीकडची पद्धतच वेगळी आहे. अमेरिकेत एफएमव्हीएसएस १०८ नावाचा नियम आहे आणि तिथे गाडी बनवणारा स्वतःच सांगतो की माझा लाइट नियमात बसतो, मग काचेवर डीओटी (तिथल्या परिवहन खात्याची आद्याक्षरं) असं उमटवतो. म्हणजे डीओटी दिसलं की सरकारने लाइट तपासून पास केला असं नाही, कंपनीने शब्द दिलाय एवढंच. युरोपात उलट, आधी लाइट मंजुरीला द्यायचा, पास झाला की वर्तुळात ई आणि एक आकडा मिळतो. तो आकडा मंजुरी कुठल्या देशाने दिली त्याचा, ई१ म्हणजे जर्मनी, ई२ फ्रान्स, ई३ इटली, ई४ नेदरलँड्स, ई११ ब्रिटन. तुमच्या जर्मनीत ई४ वाला लाइटही चालतो, आकड्यावरून घाबरू नका.

आता बॅटरी घेऊन काच नीट बघा, ई च्या आसपास बारीक अक्षरं असतात आणि खरी माहिती तिथेच. एचसी म्हणजे हॅलोजन लो बीम, एचआर हाय बीम, एचसीआर दोन्ही. मागच्या लाइटवर २ए म्हणजे इंडिकेटर, एस१ ब्रेक, एफ मागचा फॉग, एआर रिव्हर्स. म्हणजे शिक्का सबंध डब्याला नसतो, त्यातल्या एकेका कप्प्याच्या एकेका कामाला असतो. हे डोक्यात बसलं की निम्मे जुगाड आपोआप बाद होतात. उदाहरणार्थ लोक काय करतात, रिव्हर्सच्या पांढऱ्या कप्प्यात नारिंगी बल्ब घालतात आणि म्हणतात झाला इंडिकेटर. दिसतो छान, पण तो कप्पा रिव्हर्ससाठी बनवलेला, त्याचा प्रकाश बाजूला किती पसरतो ते इंडिकेटरच्या हिशोबाने कोणी मोजलेलं नाही, आणि रिव्हर्स लाइट तर गेलाच, तो वेगळा बसवावा लागणार. एकेका गाडीची वैयक्तिक मंजुरी देणारे इंजिनिअर कधी कधी हे मान्य करतात, पण ते त्यांनी आधी सांगितलं तरच करा, तुम्ही करून नेलं आणि ते नाही म्हणाले तर दोनदा खर्च.

माझं ऐकाल तर वायर कापायच्या आधी एकच गोष्ट शोधा, हेच मॉडेल युरोपात विकलं गेलंय का. गेलं असेल तर तिथला कंपनीचा टेल लाइट आणि हेडलाइट मिळतो, बहुतेक वेळा बाहेरचा आकार तोच असतो, आत कप्पे वेगळे. पुढची पांढरी पार्किंग लाइट युरोपियन हेडलाइटच्या आतच येते, मागचा फॉगही बऱ्याचदा टेल लाइटमध्ये असतो, म्हणजे चारातल्या निदान तीन तक्रारी सुटे भाग बदलून मिटल्या. जुने काढलेले भाग लोक विकतातही. मात्र झेनॉन हेडलाइट असेल तर थांबा, २००० ल्युमेनच्या वर प्रकाश देणाऱ्या लाइटला युरोपात आपोआप वर-खाली होणारं लेव्हलिंग आणि काच धुणारा फवारा दोन्ही लागतात, अमेरिकेत दोन्हींची सक्ती नाही. मग नुसता दिवा बदलून भागत नाही, सस्पेन्शनवरचे सेन्सरही येतात.

आणि वायरिंग. बऱ्याच अमेरिकन गाड्यांत ब्रेक आणि इंडिकेटर मागे एकाच बल्बवर चालतात, ब्रेक दाबून वळलात तर एक बाजू स्थिर आणि एक लुकलुकते. जुन्या गाड्यांत ब्रेकची वायरच इंडिकेटरच्या स्विचमधून फिरून जाते. तिथे नवा नारिंगी लाइट मागच्या जुन्या वायरला जोडलात तर ब्रेक दाबला की नारिंगी लाइट लागणार! इंडिकेटरचा सिग्नल पुढच्या इंडिकेटरवरून घ्यायचा, तिथे तो शुद्ध असतो, रिलेमधून (म्हणजे विजेने चालणारा छोटा स्विच) मागे न्यायचा, आणि लाल बल्बला ब्रेकच्या स्विचवरून थेट वायर द्यायची. नव्या गाडीत हे सगळं कॉम्प्युटर बघतो, तिथे कोडिंग करणारा, म्हणजे त्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणारा माणूस लागेल, स्वतः पक्कड घेऊन बसू नका.

लाल इंडिकेटरचा राग आला असेल तर एक सांगतो, अमेरिकेच्याच वाहनसुरक्षा खात्याच्या २००९ च्या अभ्यासात वळणाऱ्या गाडीला मागून धडक बसण्याचं प्रमाण नारिंगी इंडिकेटरमुळे पाच टक्क्यांच्या आसपास कमी आढळलं होतं. तरी तिथे आजही दोन्ही रंग चालतात. का ते मला विचारू नका.

प्रश्न: काका, मी ब्रिटनमधून फ्रान्सला कायमची राहायला आले, गाडी उजव्या स्टिअरिंगची तीच ठेवलीये. समोरचे लोक सारखे डिपर मारतात. हेडलाइटवर लावायचे स्टिकर आणलेत, ते कायम ठेवले तर चालतील का? नाहीतर भाऊ म्हणतो स्क्रू फिरवून लाइट खाली कर, आणि मैत्रीण म्हणते डावा-उजवा हेडलाइट अदलाबदल कर.

उत्तर: भाऊ आणि मैत्रीण दोघांनाही माझा नमस्कार सांग, पण दोघंही चुकलेत.

रात्री एखाद्या भिंतीसमोर गाडी उभी करून लो बीम लाव. वर एक स्पष्ट रेघ दिसेल, रेघेखाली उजेड, वर अंधार, पण ती रेघ सरळ नसते. एका बाजूला ती आडवी जाते आणि दुसऱ्या बाजूला वर चढते, ठरलेला चढ १५ अंशांचा. चढलेली बाजू म्हणजे रस्त्याची कड, तिथे पायी जाणारी माणसं, पाट्या दिसाव्यात म्हणून. आडवी बाजू म्हणजे समोरून येणाऱ्यांची. तुझ्या गाडीत चढ डावीकडे आहे कारण ब्रिटनमध्ये डावीकडून चालतात, आणि फ्रान्समध्ये डावीकडून समोरची गाडी येते. तू त्यांच्या डोळ्यांत टॉर्च मारतेयस गं, ते डिपर मारणारच.

स्क्रूने काय होतं, सगळी आकृती जशीच्या तशी खाली सरकते, चढ डावीकडेच राहतो, वर तुलाच रस्ता कमी दिसतो. लो बीमची रेघ साधारण एक टक्का खाली उतरती ठेवतात, म्हणजे १० मीटरवर १० सेंटिमीटर, त्यापेक्षा फार खाली नेलीस तर वेगात असताना पुढचा खड्डा दिसेपर्यंत तू खड्ड्यात. आणि अदलाबदल? दोन्ही हेडलाइट एकाच बाजूला चढ टाकतात, डावा डावीकडे आणि उजवा उजवीकडे असं नसतंच, त्यामुळे बदलून बसला तरी (बसणार नाही) फरक शून्य.

स्टिकर चढाचा तेवढा तुकडा झाकतात. सुट्टीत पंधरा दिवस जाऊन यायला ठीक. कायमचं राहायचं आणि तिथला नंबर घ्यायचा तर उजव्या बाजूच्या वाहतुकीचे दोन्ही हेडलाइट घे. विकत घेताना काचेवर बाण बघ, डाव्या वाहतुकीच्या लाइटवर एकच आडवा बाण असतो, दोन्हींसाठी चालणाऱ्यावर दोन टोकांचा बाण, आणि फक्त उजव्या वाहतुकीचा असेल तर बाणच नाही. पण त्याआधी गाडीचं माहितीपुस्तक काढून वाच, काही प्रोजेक्टरवाल्या लाइटांत मागे छोटी खिट्टी असते किंवा स्क्रीनवर प्रवासाची सेटिंग, त्याने चढच आडवा होतो. तो सुद्धा कायमचा इलाज म्हणून चालेल का ते तपासणीवाल्यांना विचारून घे. आजच्या आज डिपर तरी थांबतील.

तू एकटी नाहीयेस, ३ सप्टेंबर १९६७ ला अख्ख्या स्वीडनने डावीकडून उजवीकडे चालायला सुरुवात केली तेव्हा तिथल्या गाड्यांनाही हेडलाइट बदलावे लागले होते. तेव्हाचे गोल साधे दिवे होते म्हणून निभावलं, आजच्या एलईडी हेडलाइटच्या किमतीत असं काही करायचं म्हटलं तर देश दिवाळखोर व्हायचा.

प्रश्न: जपानहून ब्रिटनमध्ये गाडी मागवलीये. दोन्हीकडे डावीकडूनच चालतात, मग लाइटचं काही करावं लागणार नाही ना?

उत्तर: हेडलाइट सुटले, इंडिकेटर नारिंगी असतील तर तेही सुटले. मागचा फॉग लाइट बघा, तो जपानी बाजाराच्या बऱ्याच गाड्यांत नसतो आणि ब्रिटनमध्ये १ एप्रिल १९८० पासून वापरात आलेल्या गाडीला तो लागतोच. एकच बसवणार असाल तर मधोमध किंवा ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे तुमच्याकडे उजवीकडे. ब्रेक लाइटपासून १०० मिलिमीटरपेक्षा जास्त लांब, कारण फॉग लाइट जवळपास ब्रेकइतकाच प्रखर असतो आणि चिकटून बसवला तर मागच्याला तुम्ही ब्रेक दाबलाय हे धुक्यात कळतच नाही. जमिनीपासून २५० ते १००० मिलिमीटरमध्ये. ब्रेकच्या वायरला जोडायचा नाही, स्वतंत्र स्विच हवा, डॅशबोर्डवर चालू असल्याची खूण हवी आणि हेडलाइट बंद असताना तो लागता कामा नये, रिले हेडलाइटच्या वायरवर टाकलात की ते होतं.

फॉग लाइट कुठल्या बाजूला हे मी एवढं जोर देऊन का सांगतोय तर मी स्वतः चुकलोय. मित्राची गाडी होती, उजवीकडून चालणाऱ्या देशात, बंपरला जागा उजवीकडे चांगली होती म्हणून मी तिथे भोक पाडून मोकळा. तपासणीत परत पाठवली, डावीकडे दुसरं भोक पाडलं, आणि पहिलं भोक अजून रबरी बूच लावून तसंच आहे. मित्र ते प्रत्येक पाहुण्याला दाखवतो. आधी चिकटपट्टीने लाइट चिकटवून फोटो काढा, तपासणाऱ्याला दाखवा, मग ड्रिल.

प्रश्न: परदेशी हॅलोजन हेडलाइटला चांगले एलईडी बल्ब घातले तर नियमात बसतं का? उजेड तर दुप्पट पडतो.

उत्तर: उजेड कुठे पडतो ते बघा. हॅलोजनचा रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी बनवलेला असतो, अगदी बारीक तारेएवढ्या जागेसाठी, तिथे दोन बाजूंना चिप असलेला एलईडी आला की ती वरची रेघ विस्कटते. आणि लाइटची मंजुरी ठरलेल्या बल्बसकट असते, बल्बचा प्रकार बदलला की शिक्का असून नसल्यासारखा. काही देशांत ठरावीक गाड्यांच्या ठरावीक हेडलाइटसाठी मंजूर एलईडी बल्ब मिळतात, त्यांच्या यादीत तुमचा हेडलाइट असेल तरच. ऑनलाइन खोक्यावर नुसतं ई छापलेलं असतं त्यावर जाऊ नका.

प्रश्न: माझी गाडी युरोपातली, दहा वर्षं जुनी. अमेरिकेत नेताना बाजूचे मार्कर लाइट लावले की पुरे ना?

उत्तर: मार्कर लागतात हे बरोबर, पुढे कडेला नारिंगी आणि मागे लाल, लाइटही आणि रिफ्लेक्टरही, हेडलाइट डीओटीचे हवेत. पण दादा, खरी अडचण लाइटची नाहीच. २५ वर्षांपेक्षा कमी वयाची गाडी तिथल्या सगळ्या सुरक्षा नियमांत बसवावी लागते, बंपर, एअरबॅग, सगळं, आणि ती मूळ तशी बनलेली नसेल तर खर्च गाडीच्या किमतीच्या वर जातो. २५ पूर्ण झाली की त्या केंद्रीय नियमांतून सुटका, आणि ती मोजतात गाडी बनली त्या महिन्यापासून. कॅनडात हीच मर्यादा १५ वर्षांची आहे आणि तिथे युरोपियन हेडलाइटही मान्य आहेत. तुमची दहा वर्षांची गाडी विकून टाका असं मी म्हणेन, वाईट वाटेल, पण विका.

प्रश्न: मागे नारिंगी एलईडी इंडिकेटर बसवले, रंग बरोबर, पण भलतेच भराभर लुकलुकतात. तपासणी शुक्रवारी आहे.

उत्तर: गाडीला वाटतंय बल्ब गेला. जुना २१ वॉटचा होता, एलईडी त्याच्या कितीतरी कमी वीज ओढतो म्हणून फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा भाग, घाई करतो. मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकणं नियमात बसतं, घड्याळ लावून मोजा. जुन्या गाडीत एलईडीचा फ्लॅशर रिले बदला, नव्यात कोडिंग, आणि शुक्रवारपर्यंत काहीच नाही जमलं तर लोड रेझिस्टर, म्हणजे जुन्या बल्बइतकी वीज ओढणारा तुकडा, फक्त तो पत्र्यावर बसवा, प्लास्टिकवर नको, चटका बसेल इतका तापतो.