दिवाळीत वसईचा किल्ला

प्रश्न : आमच्या वसईतल्या सोसायटीत मुलं दर दिवाळीला रायगड करतात. यंदा वसईचा किल्ला करायचा आहे. डोंगरच नाही, मग सुरुवात कुठून करायची? गेल्या वर्षी मातीला भेगा पडल्या, अळीवही कुजले.

उत्तर : आपल्याच गावचा किल्ला निवडलात, फार छान! वसईचा किल्ला भुईकोट, म्हणून गोणपाटाचा डोंगर विसरा. सहा बाय चार फुटांच्या प्लास्टिकवर खडूने तटाची रेषा काढा आणि त्यावर विटा आडव्या लावा. दहा बुरूज दहा मुलांना वाटून द्या. तीन बाजूंनी पाणी, उत्तरेला जमीन, हे चुकवू नका. तिथल्याच सॅन सेबॅस्टियन बुरुजाला सुरुंग लावून मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने खिंडार पाडलं. तो बुरूज ढासळलेलाच दाखवा. बघणारे आधी तिथेच थांबतील.

भेगा पडतात त्या निव्वळ चिकणमातीमुळे. चार घमेली चाळलेल्या मातीत एक घमेलं भाताचं तूस मिसळा, थर बोटभरच द्या आणि दुपारी ओलं गोणपाट झाका. अळीव भिजवू नका, भिजले की बुळबुळीत होऊन गोळे होतात. पाच दिवस आधी ओल्या मातीवर कोरडेच विरळ भुरभुरवा. पाणी फवाऱ्यानेच, सकाळ-संध्याकाळ.

त्याआधी एका रविवारी मुलांना खऱ्या तटावर न्या, बुरूज मोजू द्या. पण तिथला दगड काय, खडाही आणायचा नाही. वास्तू संरक्षित आहे.