दारू सोडल्यावर पोट का बिघडतं?

"मॅडम, पीत होतो तेव्हा पोट तरी साफ व्हायचं." दारू सोडून दहा-बारा दिवस झालेली माणसं हे इतक्यांदा म्हणतात, की पहिल्याच भेटीत मी पोटाची चौकशी करते.

पंचेचाळिशीचे एक गृहस्थ, वीस वर्षं रोजची क्वार्टर. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबले, तेच योग्य. रोज पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम थांबल्यास पहिल्या २ दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रमही होतो. यांची थरथर थांबली होती. पण पोट फुगलेलं, शौचाला कधी पातळ, कधी खडा, आणि रात्र झाली की जीव कासावीस.

"शरीराला थोडी लागतेच ना?"

"लागत नाही. आतडं सावरतंय, त्याला वेळ द्या."

दारूनं आतड्याच्या अस्तराची वीण सैल होते, अस्तराला पोसणारे जिवाणू घटतात. मग जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात आणि दाह वाढतो. बेल्जियममध्ये २०१४ साली ६० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या साधारण चाळीस टक्क्यांचं आतडं असं झिरपत होतं. ३ आठवडे दारू बंद ठेवल्यावर ते बरंचसं सावरलं. मात्र उदासी, चिंता आणि तलफ याच लोकांत जास्त उरली. म्हणून तलफेला मी मनाचा दुबळेपणा म्हणत नाही. आधी पोट विचारते.

त्यांना वही दिली : काय खाल्लं, पोट कसं, तलफ दहापैकी किती. तिसऱ्या भेटीत पानं उलटताना दिसलं, रोज रात्री साडेनऊला तलफ ८.

"जेवणानंतर काय घेता?"

बायको म्हणाली, "सासूबाईंनी पचनासाठी द्राक्षासव सुरू केलंय. चार चमचे."

बाटली पिशवीतच होती. त्यांनी चष्मा लावून लेबलवरचं बारीक अक्षर वाचलं : सेल्फ जनरेटेड अल्कोहोल. बराच वेळ बाटली हातातच होती.

"म्हणजे मी सोडलीच नव्हती?"

"सोडलीच होती. आसव-अरिष्टं आंबवूनच करतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं."

या कामात मला सर्वांत मोलाचे वाटतात ते असे क्षण. दारू सोडवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या डायसल्फिरामच्या गोळ्या चालू असतील तर हे चार चमचेही त्रासदायक ठरू शकतात. कफ सिरपचं लेबलही वाचावं.

जेवणात पहिला आठवडा मऊ भात, मुगाचं वरण, दुपारी वाटीभर ताजं ताक. दुसऱ्या आठवड्यात अर्धी भाकरी, दोन चमचे मटकीची उसळ, मग हळूहळू वाढ. बहुतेकांचं इथंच चुकतं : उत्साहात पहिल्याच दिवशी वाटीभर मोड आलेली कडधान्यं खातात, गॅस धरतो आणि सगळंच सोडून देतात. इसबगोल एक चमचा, मोठ्या ग्लासभर पाण्यासोबतच. पित्ताच्या गोळ्या मनानं महिनोन् महिने घेऊ नयेत, त्यांनीही आतड्यातले जिवाणू बदलतात. लिव्हर खराब असेल तर आहार आणि प्रोबायोटिक (उपयोगी जिवाणूंची औषधं) दोन्ही डॉक्टरांना विचारून. काळी शौच, रक्ताची उलटी, पिवळे डोळे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना.

पाचव्या आठवड्यातली वहीतली ओळ : "भाकरी-उसळ. पोट हलकं. तलफ ३. झोप लागली."