ट्रॅकवर वर्षातून तीन दिवस, त्यासाठी पावणेदोन लाखांचं सस्पेन्शन?

वाचकाचं पत्र थोडक्यात असं: वय ३१, मूळ कोल्हापूरचे, नोकरी बेंगळुरूत. हातात पगार १,०५,००० रुपये. घरभाड्यासकट खर्च ६२,०००, आईवडिलांना १०,०००, एसआयपी १८,०००. बचत खात्यात १,४०,०००. गाडी २०१७ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, ७८,००० किलोमीटर झालेली. वर्षातून तीनदा कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला (आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवण्याच्या दिवसाला) जातात, एका फेरीला सगळं धरून १८,००० लागतात आणि ते घरखर्चातच धरलेले आहेत. सोबत तीन कोटेशनं आहेत: नुसत्या लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली आणणाऱ्या आखूड स्प्रिंग) २८,०००, एकाच कंपनीने जुळवलेला स्प्रिंग-शॉकअपचा संच ८६,००० आणि कॉइलओव्हर (उंची आणि कडकपणा बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच) १,५८,०००. कॉइलओव्हर बसवण्याचे १२,००० वेगळे. प्रश्न असा, की १४ टक्क्यांनी तीन वर्षांचं पर्सनल लोन काढू की दहा महिने एसआयपी थांबवू?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. 'गाडी वळणात शिरताना बाहेरच्या चाकावर लोळते आणि मग मला विश्वास वाटत नाही,' हे वाक्य वाचल्यावर हा छंद तुम्ही मनापासून जोपासताय हे कळलं. त्यामुळे 'गाडीवर पैसे घालू नका' असं उत्तर मी देणार नाही. पैसे घाला, पण आत्ता कॉइलओव्हरवर नको आणि कर्ज काढून तर मुळीच नको.

आधी कर्जाचा हिशेब. कॉइलओव्हर आणि बसवणूक मिळून १,७०,००० चं लोन १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण ५,८०० चा बसतो आणि एकूण परतफेड २,०९,००० च्या आसपास जाते. तीन वर्षांत तुमच्या ट्रॅकच्या फेऱ्या नऊ. म्हणजे प्रत्येक फेरीवर आणखी २३,००० चा बोजा. आज १८,००० ला पडणारा दिवस ४१,००० ला पडेल. त्याच पैशांत आजच्या दराने अकरा फेऱ्या जास्तीच्या होतात. शेजारच्या सीटवर जाणता प्रशिक्षक बसवून काढलेल्या अकरा दिवसांत तुम्ही जितके वेगवान व्हाल, तितकं कुठलंही शॉकअप तुम्हाला करणार नाही.

एसआयपीबद्दल. 'हेच पैसे वीस वर्षं गुंतवले असते तर किती झाले असते' हा हिशेब मी मुद्दाम मांडत नाही. त्या मापाने मोजलं तर गावाकडची जत्राही महाग ठरते. माझी काळजी साधी आहे. दहा महिन्यांसाठी थांबवलेली एसआयपी अकराव्या महिन्यात सुरू झालेली मी फार कमी पाहिली आहे. ती चालू राहू द्या.

खरी अडचण त्या १,४०,००० ची आहे. तुमच्या घराचे महिन्याला ७२,००० जातात, म्हणजे हातात जेमतेम दोन महिन्यांची सोय. त्यातच विम्याचा मुद्दा पत्रात कुठेच नाही. तुमच्या मोटार पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' असा परिच्छेद असेल, तो आजच वाचा. आयोजित शर्यत, पेस मेकिंग (इतरांसाठी वेग ठरवत पुढे धावणं), वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या भरवशाची चाचणी) आपल्याकडच्या पॉलिसींमधून वगळलेल्या असतात. ट्रॅकवर गाडी कठड्याला घासली तर पुढचा बंपर, रेडिएटर आणि लोअर आर्म (चाक धरून ठेवणारा खालचा दांडा) यांचं बिल तुमच्याच खिशातून जाणार, असंच धरून चाला. शिवाय तुमच्या गाडीचा सात गिअरचा ड्राय-क्लच डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) नाजूक प्रकरण आहे, आणि त्याच्या मेकाट्रॉनिक्सचं (गिअर बदलणाऱ्या नियंत्रक भागाचं) काम निघालं तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. ज्याची गाडी ट्रॅकवर जाते, त्याची गंगाजळी इतरांपेक्षा मोठी हवी. तुमची लहान आहे.

आता गाडीकडे येऊ. करीचा ट्रॅक २.१ किलोमीटरचा. सरळ पट्टे आखूड आणि वळणं लागोपाठ, त्यामुळे ब्रेकला थंड व्हायला उसंत मिळत नाही. तुम्हीच लिहिलंय की ट्रॅकच्या पाचव्या-सहाव्या चकरेनंतर ब्रेकचं पेडल मऊ पडतं. ही जुन्या, ओलावा शोषलेल्या ब्रेक फ्लुइडला उकळी आल्याची खूण वाटते, आणि ती सस्पेन्शनने जात नाही. ताजं डॉट ४ दर्जाचं ब्रेक फ्लुइड आणि उष्णता सोसणारे पॅड हा पहिला खर्च. त्याला साधारण १८,००० बाजूला ठेवा.

दुसरी गोष्ट घरीच तपासा. पुढचं चाक एका बाजूला पूर्ण वळवा, शॉकअपच्या दांड्यावरचा रबरी बूट वर सरकवा आणि दांडा बोटाने पुसा. कोरडी धूळ आली तर ठीक. तेलकट काळा चिखल बोटाला लागला, तर सील गेलं आहे आणि तुम्हाला जाणवतंय ते लोळणं बरंचसं म्हाताऱ्या शॉकअपचं आहे. ७८,००० किलोमीटर, त्यात बेंगळुरूचे खड्डे आणि कोल्हापूरच्या वाऱ्या. लिंक रॉड, लोअर आर्मचे रबरी बुश आणि स्ट्रट माउंट हे सस्पेन्शनचे सांधेही एकदा बघून घ्या. सैल बुशांवर महागडं सस्पेन्शन बसवणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग लावणं.

२८,००० चा पर्याय सोडूनच द्या. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतोय. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजवाल्याच्या भरवशावर मी कंपनीच्या शॉकअपवर नुसत्या आखूड स्प्रिंग बसवून घेतल्या. गाडी दिसायला सुरेख झाली. पण शॉकअपला खाली जायला जागाच उरली नव्हती. प्रत्येक स्पीडब्रेकरवर बंपस्टॉप (शॉकअपचा शेवटचा रबरी अडथळा) आपटायचा आणि वर्षाच्या आत दोन्ही पुढचे शॉकअप गळायला लागले. शेवटी स्प्रिंग, शॉकअप आणि दोनदा मजुरी मिळून, सुरुवातीलाच पूर्ण संच घेतला असता तर जितके गेले असते त्याहून जास्त गेले.

८६,००० चा जुळवलेला संच तुमच्यासाठी योग्य आहे. गाडी थोडीशीच खाली येते, शॉकअप त्याच स्प्रिंगसाठी बनवलेले असतात, आणि वर्षातले उरलेले ३६२ दिवस आईवडिलांना मागे बसवून घाट उतरता येतो. शिवाय जुने शॉकअप आज ना उद्या बदलावे लागणारच होते, तो खर्च यातून वजा धरा. कॉइलओव्हरमध्ये तुम्ही उंची आणि कडकपणा बदलण्याच्या सोयीचे पैसे मोजता. ही सोय वर्षाला आठ-दहा ट्रॅक डे करणाऱ्याला, ट्रॅकसाठी टायरचा वेगळा संच ठेवणाऱ्याला खरी उपयोगाची. तिथवर पोचलात की मला परत लिहा, तेव्हा उत्तर बहुधा 'घ्या' असेल.

पैसे असे उभे करा. महिन्याला तुमचे १५,००० उरतात. त्यातले ८,००० गंगाजळीत, ७,००० गाडीच्या वेगळ्या खात्यात. एप्रिलमध्ये येणार म्हणून लिहिलेल्या ९०,००० च्या बोनसपैकी ५०,००० गंगाजळीत आणि ४०,००० गाडीला. वर्षभरात गंगाजळी २,८६,००० म्हणजे चार महिन्यांची होते आणि गाडीकडे १,२४,००० जमतात. त्यातून ब्रेक, संच आणि चाकांच्या अलाइनमेंटसह मजुरीचे १०,००० भागून थोडे उरतात. एक रुपयाही व्याज नाही.

बसवण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल चालत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली घेऊ नका. कंपनीच्या मूळ स्प्रिंगही फेकू नका. पोलोचं उत्पादन भारतात २०२२ मध्ये थांबलं. गाडी विकताना बहुतेक गिऱ्हाइकांना मूळ स्थितीतलीच हवी असते. तेव्हा संच काढून वेगळा विकता येईल.

शेवटी तुम्ही विचारलेला 'नो-कॉस्ट ईएमआय'. दुकानदार रोखीवर पाच टक्के सूट देतोय असं तुम्हीच लिहिलंय. ईएमआय घेतला की ती सूट जाते. १,५८,००० वर ते ७,९०० होतात. वर व्याजाच्या भागावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी. तोही नको.