पेटी नेमकी कुणाच्या हातात बिघडली?

देवगडहून वाशीच्या घाऊक बाजारात पाठवलेल्या पेट्यांत डागी आंबा निघतो आणि पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबात, पैसे कापले जातात. गडी म्हणतो काढणी चोख होती, गाडीवाला म्हणतो भरणीच सैल होती. दोष कुणाचा धरू?

आधी डाग बघा. देठाकडून खाली ओघळलेला काळा व्रण असेल तर तो चिकाचा. देठ न ठेवता फळ ओढलंय, म्हणजे चूक काढणीची. एका अंगाला दबून मऊ झालं असेल तर भरणी किंवा गाडी. आणि कापल्यावर आत पांढुरका, भुसभुशीत गर निघाला तर तो साका. चौदा आणे (सोळापैकी चौदा हिस्से) तयार फळात तो कमी पडतो, झाडावर जास्त पिकू दिलेल्या किंवा काढून उन्हात ठेवलेल्या फळात जास्त. कधी काढायचं हे कोण ठरवतं? बहुतेक तुम्हीच!

आंबा तीनदा हात बदलतो: कलमाखाली, भरणीच्या शेडमध्ये, गाडीत चढताना. तिन्ही ठिकाणी घेणाऱ्यानं मोजून, चार फळं उलटून बघून सही करायची. शंभर पानी वही पुरते. खोट असेल तर सहीआधी बोलायचं. सही केली की पुढचं उत्तर त्याचं.

रत्नागिरीतून आम्ही दोघं भाऊ आणि माझी मुलगी पुण्याला घरपोच पेट्या देतो. ऑर्डर सगळेच घेतात. यंदा एका गिऱ्हाइकाला दोनदा माल गेला, दुसऱ्याला गेलाच नाही. हा घोळ कसा थांबवू?

काम तिघांनी करा, उत्तर एकानं द्या. फोन कुणीही उचलो, मुलीच्या वहीत नोंद नाही तर पेटी हलणार नाही. आढी (पिकायला गवतात रचलेले आंबे) परतणं आणि फळ निवडणं एका भावाकडे, पैसे दुसऱ्याकडे. एखादा आजारी पडला तर त्याचं काम कोण बघणार, तेही लिहा. हे फेब्रुवारीतच उरका. एप्रिलमध्ये जेवायला सवड नसते.

व्यापारी म्हणतो, कार्बाइड लावून आंबा लवकर पिकवा. लावू का?

नाही. त्यावर बंदी आहे. इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) चालतो. पिकवणाऱ्याचं नाव आणि तारीख पेटीवर घाला.

हर्णैला लिलावानंतर मासळी वाळूत पडून राहते. बर्फ कुणी घालायचा?

होडीवर असेपर्यंत तांडेलानं (होडीच्या प्रमुखानं), बोली सुटल्यावर व्यापाऱ्यानं. पण वाद होतो तो बोली सुटल्यापासून टेम्पो येईपर्यंतच्या वेळेवरून. तेवढ्या वेळात उन्हात बांगडा मऊ पडतो. त्या वेळेचा बर्फ कुणाचा, हे बोली लागण्याआधीच बोलून घ्या.